तळ्याकडची वाट

हाफोड, नांतगारेग
१४ मे २०२३

नेस्टा,

पत्ता लेइसा आत्याकडून घेतला. कशाला हवा ते मी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तू नाताळला पाठवतेस त्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं वरचं पाकीट काढून तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "परत आणून दे." वय सत्त्याऐंशी, डोळे जवळपास गेलेले, पण कोणतं पाकीट कुठे आहे ते बोटांना पक्कं ठाऊक.

बाबा गेले तेव्हा मी तुला छापील पत्रिका पाठवली होती. त्यानंतर हे पहिलंच. तू आली नाहीस, त्याबद्दल इथे कोणी काही बोललं नाही. म्हणजे, बोलले, पण माझ्यासमोर नाही.

आधी कामाचं सांगतो. गेल्या मंगळवारी माझ्या बसमध्ये हेझल बर्टल्स नावाच्या बाई होत्या. नाव वाचून तुझ्या लक्षात आलं असेल. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत काळ्या तळ्यावर जिचा नवरा गेला, तीच. आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत, स्टॅफर्डला राहतात, चालताना काठी लागते. त्यांना तुझा पत्ता हवा आहे. तुझे आभार मानायचे राहून गेलेत, असं त्या म्हणाल्या. तुला न विचारता द्यायचा नाही, एवढं तरी मी केलं. देऊ का, ते कळव.

मी बस चालवतो हे आत्याने तुला लिहिलंच असेल. मेंढ्या बाबा गेल्यावर दोन वर्षांत विकल्या. शेतं शेजारच्या बेडविरला चरायला दिली आहेत. घर मात्र आहे, दोन खोल्या वापरात, बाकीच्या बंद. सोळा माणसांची छोटी बस घेतली, त्याला आता अकरा वर्षं होतील. सकाळी लँडिड्नोच्या धक्क्यावरून लोकांना उचलायचं, कॉन्वीचा किल्ला दाखवायचा, मग डोंगरातून लँबेरिसकडे, तिथून आपल्या गावात चहा, आणि शेवटी कार्नार्वनचा किल्ला. संध्याकाळी परत धक्क्यावर. चालवतोही मी आणि बोलतोही मीच. कॉन्वीला तटावर उभं राहून सांगतो, "आम्हा वेल्श लोकांना कोंडून ठेवायला तुमच्या राजाने हे किल्ले बांधले, आता तुम्ही पैसे भरून आत जाता आणि आम्ही दाराशी उभे राहतो." इंग्रज मंडळी सगळ्यात जास्त हसतात. तुला हे ऐकून हसू येईल की नाही, सांगता येत नाही. लहानपणी जेवणाच्या टेबलावर बोलायची वेळ आली की मी तुझ्याकडे बघायचो.

एवढंच होतं. हवा बरी आहे. कोकरं या वर्षी चांगली झाली, बेडविरची.

इदवल

ता. क. बाईंनी मला ओळखलं का, असं तुझ्या मनात येईल. ओळखलं.

२ जून

नेस्टा,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे. अर्जेंटिनाचं टपाल तीन आठवडे घेतं, पोस्टातली बाई म्हणाली. पण मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते खरं असूनही खोटं होतं, आणि ते तसंच तुझ्या हातात पडायला नको.

माझी बस डोंगरातल्या रस्त्यावर एका जागी थांबते. तुला जागा माहीत आहे. भिंत संपते, तळ्याकडची कपार वर दिसायला लागते, आणि दोन गाड्या मावतील एवढी मोकळी जागा आहे. तिथे मी इंजिन बंद करतो. "आता दोन मिनिटं वारा ऐका," म्हणतो. मग गोष्ट सांगतो.

ही गोष्ट मी अकरा वर्षं सांगतोय. ती अशी.

या डोंगराखाली आमचं शेत आहे. पस्तीस वर्षांपूर्वी एका शनिवारी एक नवराबायको आमच्या अंगणात गाडी लावून वर चालायला गेले. दुपारी बर्फ सुरू झालं. एक एकवीस वर्षांचा मुलगा टीव्हीवर रग्बीचा सामना बघत होता. त्याने खिडकीतून पाहिलं, गाडी अजून उभीच. सामना तसाच टाकून तो उठला, कुत्रा घेतला, दोर घेतला, आणि एकटा वर गेला. नवरा तळ्याकडच्या वाटेवर बर्फावरून घसरून खाली पडला होता, तो गेला होता. बायको जिवंत सापडली. बचावपथक येईपर्यंत तो तिच्यापाशी बसून राहिला.

इथे मी थांबतो. मग कोणीतरी हमखास विचारतंच, की तो मुलगा कोण. मी खाली बघतो. एवढं पुरतं.

आणि दुसरा प्रश्नही येतो. बर्फ असताना ते त्या वाटेने गेलेच कसे? तेव्हा मी म्हणतो, "त्यांनी सकाळी आमच्या घरी वाट विचारली होती. माझ्या बहिणीने चुकीची सांगितली. तिला दोष देऊ नका, पोरवयच ते. पण तिला ते सहन झालं नाही. ती पार अर्जेंटिनात, पाटागोनियाच्या जुन्या वेल्श वस्तीत निघून गेली."

नेस्टा, हे मी अगदी मऊ आवाजात म्हणतो. तुला माफ केल्यासारखं. लोकांचे डोळे भरून येतात. संध्याकाळी धक्क्यावर उतरताना बायका माझा हात हातात घेतात.

त्या मंगळवारी बसमध्ये लीड्सची दोन जोडपी होती, लिव्हरपूलच्या चार नर्सा, एक जपानी आई आणि तिची मुलगी, आणि पहिल्या बाकावर माझ्या शेजारी काठी घेतलेली एक म्हातारी. यादीत तिचं नाव नुसतं "एच. बर्टल्स" होतं, मी यादी वाचत नाही, डोकी मोजतो. सकाळपासून ती काही बोलली नव्हती. कॉन्वीला सगळे हसले तेव्हा ती हसली नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, या बाईला ऐकू कमी येतं.

गोष्ट संपली. नर्सांपैकी एक नाक पुसत होती. मी इंजिन सुरू केलं. शेजारची बाई कपारीकडे बघत होती आणि बघतच राहिली, वळण आलं तरी.

गावात मैरच्या चहाच्या खोलीत सगळे बसले. मी नेहमी ओट्यापाशी उभा राहून पितो. ती बाई उठली, काठी टेकत माझ्यापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या गोष्टीत माझे पाय कुठेच आले नाहीत."

मला काही कळलं नाही. तोंडात फळांच्या केकचा घास होता.

"त्या मुलीने माझे बूट काढले," ती म्हणाली. "मोजे काढले. आपला सदरा वर केला आणि माझे पाय आपल्या उघड्या पोटाला लावून वरून कोट गुंडाळला. तीन तास ती तशी बसली होती. मला झोप येऊ नये म्हणून तुमच्या भाषेत दहापर्यंत मोजायला शिकवत होती. चुकले की चापट मारायची." मग तिने मोजून दाखवलं. एक ते दहा, न अडखळता. मैर ओट्यामागे होती, तिने वर पाहिलं.

"तिचं नाव काय?" बाईंनी विचारलं. "मला कोणी सांगितलंच नाही. मी इस्पितळात होते, मग माझे दीर येऊन मला घेऊन गेले."

मी तुझं नाव सांगितलं.

कार्नार्वनला मी त्या दिवशी सगळ्यांना आत सोडून बसमध्येच बसून राहिलो.

इदवल

३ जून, सकाळ

कालचं पत्र पाकिटात घातलं होतं, परत उघडलं. अर्धंच सांगून थांबायची मला सवय आहे.

वाट मी सांगितली होती.

हे तुला माहीत आहे. पस्तीस वर्षं माहीत आहे. पण मी ते एकदाही माझ्या तोंडाने किंवा हाताने सांगितलेलं नाही, तर आता सगळं सांगतो, कारणासकट, कारण ते इतकं हलकं आहे की लपवावंसं मला अजूनही वाटतं.

त्या सकाळी न्याहारीला बाबा काय म्हणाले होते ते आठवतं तुला? तळ्याकडच्या वाटेवर कडक बर्फ आहे. कोणी विचारलं तर भिंतीकडची वाट सांगा. मी मान हलवली होती. दहाच्या सुमाराला ते दोघं आले. तू खालच्या गोठ्यात होतीस. भिंतीकडची वाट वरच्या शेतातून जाते, आणि त्या शेतात मी नुकत्याच गाभण मेंढ्या आणून सोडल्या होत्या. दोन तास गेले होते त्यात. अनोळखी माणसं आत शिरली की त्या पांगणार, मला पुन्हा गोळा कराव्या लागणार, आणि दुपारी सामना होता. मी म्हटलं, "तळ्याकडून जा. जवळ पडेल."

त्या माणसाने "थँक यू" म्हटलं. त्याच्या टोपीला वर लोकरीचा गोंडा होता.

बाकीचं तुझं तुला ठाऊक आहे. तूच खिडकीपाशी येऊन म्हणालीस, "गाडी अजून इथेच आहे, इदवल." मी म्हटलं, येतील. तू दुसऱ्यांदा म्हणालीस. मी म्हटलं, मध्यंतर होऊ दे. तू बचावपथकाला फोन केलास, थर्मास भरलास, कुत्र्याला हाक मारलीस आणि गेलीस. मला बोलावलंसुद्धा नाहीस. पथक आलं तेव्हा त्यांना वाट दाखवायला मी वर गेलो, हे खरं आहे. दिवस मावळत होता. मी बॅटरी धरली होती. बॅटरीच्या उजेडात ते पाय मी पाहिले, नेस्टा, तुझ्या पोटाशी. माझ्या गोष्टीत ते येत नाहीत, कारण ती गोष्ट सांगताना मला ते दिसायला नको असतात.

मग तो हवालदार आला. बाबा त्याला फाटकाशी भेटले. आत येऊन म्हणाले, "बाई म्हणते, या घरातल्या कोणीतरी तळ्याकडची वाट सांगितली. पिवळा कोट होता." दारामागे दोन पिवळे कोट टांगलेले होते, तुझा आणि माझा. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "मी नाही." आणि माझ्याकडे पाहिलंस. मी बूट पुसत होतो. आधीच पुसलेले बूट मी पुन्हा पुसत होतो.

बाई तरी काय सांगणार, बर्फात अर्धमेली झालेली. तिला नीट आठवत नव्हतं. त्यामुळे बाबांचा गैरसमज झाला, आणि मी तो दूर केला नाही. माझा अपराध एवढा आहे. तो छोटा नाही, हे मला कळतं.

इदवल

९ जुलै

नेस्टा,

मागच्या पत्राचा शेवट खोटा आहे. "तिला नीट आठवत नव्हतं," असं मी लिहिलं. तिला पक्कं आठवत होतं.

मैरच्या खोलीतलं बोलणं मी अर्धंच लिहिलं होतं. तुझं नाव सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "आणि वाट तुम्ही सांगितली होती. आवाजावरून मला सकाळीच वाटलं होतं." मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. मग मी एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला नको होतं. पोलिसांना तेव्हा त्यांनी काय सांगितलं होतं?

"जे होतं तेच. पिवळा कोट घातलेला तरुण मुलगा. ओठावर मिशीची लव. हवालदार म्हणाला की तो घरी जाऊन बोललाय, मुलाच्या बापाला सगळं सांगितलंय, आणि अपघातच आहे तर पुढे काही करायचं नाही. मला तरी काय करायचं होतं? मी माझ्या नवऱ्याला, कॉलिनला, घरी न्यायच्या गडबडीत होते."

मुलाच्या बापाला.

दोन महिने मी हे वाक्य घेऊन हिंडतोय. मला आजवर वाटायचं की मी बाबांना फसवलं. ते गेले तेव्हासुद्धा त्यांच्या उशाशी बसून मला हेच वाटत होतं, की हा माणूस फसलेला जातोय, आता तरी सांग. सांगितलं नाही. आणि त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत त्यांनी ठरवलं, की "मुलगा" हा शब्द गाळायचा. नुसता कोट ठेवायचा.

हे तुला लिहावं की नाही, यावर मी खूप विचार केला. तू दूर राहून का होईना त्यांच्याबद्दल काही चांगलं जपलं असशील, तेही मी काढून घेतोय. पण मग वाटलं की ही सुद्धा माझीच पळवाट. त्यांच्यासाठी लिहीत नाही म्हणतोय आणि खरं तर माझ्यासाठी. कारण त्यांनी हे कोणासाठी केलं ते उघड आहे. शेत मुलाला मिळायचं होतं. आणि त्या मुलाने मेंढ्या दोन वर्षांत विकल्या.

आता एक बरं सांगतो. मागचं पत्र टाकलं त्या आठवड्यापासून बसमध्ये मी खरी गोष्ट सांगतो. त्याच जागी, इंजिन बंद करून. वाट मी सांगितली, वर बहीण गेली, दोष तिच्यावर आला आणि मी गप्प राहिलो. लोक अगदी सुन्न होतात. एका जर्मन माणसाने उतरताना मला मिठीच मारली. म्हणाला, असं बोलायला छाती लागते.

आणि लेइसा आत्याला सांगितलं. गेल्या रविवारी चॅपलनंतर तिच्या घरी गेलो. ती चहा ओतत होती, डोळ्यांनी नाही, कपात बोट बुडवून अंदाजाने. मी सगळं सांगितलं. तिने किटली खाली ठेवली.

"माझ्या भावाला माहीत होतं?" एवढंच विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग आता तू घरी जा," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आज चॅपलमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसली आणि मान वळवली नाही. गावात दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. चहाच्या खोलीत मैरने मला पाव दिला आणि सुट्टे पैसे हातात न देता ओट्यावर ठेवले. मी तक्रार करत नाही. नुसतं कळवतो.

इदवल

२९ ऑगस्ट

नेस्टा,

तुझं पत्र शनिवारी आलं. सहा पानं. पहिल्या चार पानांत तू शाळेबद्दल लिहिलंस, नदीच्या कालव्याला पाणी नाही त्याबद्दल, वेल्श शिकायला येणाऱ्या त्या दोन म्हाताऱ्या भावांबद्दल ज्यांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून तुला दोन वेगळे वर्ग घ्यावे लागतात. मी चारही पानं उभ्यानेच वाचली. मग बसलो.

पाचव्या पानावरची तुझी वाक्यं मी इथे उतरवून काढतोय. उतरवून काढली की ती मला पुन्हा पुन्हा वाचावी लागतात, म्हणून.

"बाबांना माहीत होतं हे मला माहीत होतं. मी निघाले तेव्हा ते मला बँगर स्टेशनवर सोडायला आले होते. फलाटावर म्हणाले, 'तू नव्हतीस, नेस्टा.' मी म्हटलं, मग घरात तसं म्हणा. ते म्हणाले, 'तुला मी कुठेही नेऊन टाकलं तरी तू उभी राहशील. तो नाही राहणार. हे त्याच्यावर आलं तर तो मोडेल.' गाडी आली. त्यांनी माझी बॅग वर चढवून दिली. त्यांचा मला राग आला, अजून येतो, पण त्यांची वाट मी पाहत नव्हते, इदवल. त्यांनी निदान मला सांगितलं होतं. मी तुझी वाट पाहत होते. सांगायला दोन शब्द लागले असते. तीस वर्षं झाल्यावर मी ते बंद केलं."

बाबा मला असे ओळखून होते. एकवीस वर्षांच्या मुलाकडे बघून त्यांनी ठरवलं की याच्यात काही नाही, याला झाकावं लागेल. मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. म्हणावंसं वाटतं की मोडून तर बघायचं होतं. पण मी त्या दिवशी बूट पुसत होतो. त्यांनी जे पाहिलं तेच ठरवलं.

आणि सहावं पान. तू लिहिलंस, "बसमधली खरी गोष्टही बंद कर. आधी तू माझं काम तुझ्या नावावर सांगायचास, आता तुझा पश्चात्ताप सांगतोस. दोन्ही वेळा इंजिन बंद करतोस आणि दोन्ही वेळा लोक तुझाच हात धरतात. तिथे एक माणूस मेला आहे. त्याची बायको अजून जिवंत आहे."

त्या जर्मन माणसाच्या मिठीबद्दल मी तुला कौतुकाने लिहिलं होतं. ते वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल या विचाराने माझे कान तापले. इथे घरात मी एकटाच होतो तरी.

सोमवारी बस काढली. त्या मोकळ्या जागेपाशी आलो आणि थांबलो नाही. तिथे काय सांगायचं ते सुचेना, म्हणून काहीच सांगितलं नाही. मागून एका बाईने विचारलं, "इथे फोटोला थांबत नाही का?" मी म्हटलं, पुढे याहून चांगली जागा आहे. पुढे तशी जागा नाही. तिने घाटभर मला बोलणी खाऊ घातली, आणि मी खाल्ली.

तू म्हणालीस तसा पत्ता आणि फोन हेझलबाईंना दिला. मी नुसता निरोप पोचवला, आपलं काही जोडलं नाही.

इदवल

८ ऑक्टोबर

नेस्टा,

हेझलबाईंचं कार्ड आलं. तुम्ही दोघी फोनवर दीड तास बोललात, एवढंच त्यांनी लिहिलंय. काय बोललात ते लिहिलं नाही, आणि मी विचारणार नाही. खाली माझ्यासाठी एक ओळ आहे: पुढच्या फेब्रुवारीत त्या येणार आहेत, तळ्यापर्यंत चालवणार नाही, पण कपार दिसेल तिथपर्यंत मी त्यांना न्यावं. सहलीत नाही. एकट्या. मी होकार कळवला.

हे पत्र मात्र माझं नाही. लेइसा आत्याने काल मैरकडून निरोप पाठवला, कागद आणि पेन घेऊन ये म्हणून. तीन महिन्यांनी तिच्या दारात गेलो. तिने बस म्हटलं नाही, पण खुर्ची सरकवून ठेवलेली होती. म्हणाली, "मला दिसत नाही. गावात दुसऱ्या कोणाकडून हे लिहून घ्यायची मला लाज वाटते. तू लिही. मी सांगेन तसं. आपलं डोकं चालवू नकोस."

तेव्हा ती सांगते तसं लिहितो.

"नेस्टा, बाळा. त्या वर्षी मार्चमध्ये मी तुला चॅपलच्या दारात अडवलं आणि म्हटलं, काही दिवस मुलांच्या वर्गाला शिकवायला येऊ नकोस, आईबापांना बरं वाटत नाही. कोणीही आईबाप माझ्याकडे आले नव्हते. ते मीच ठरवलं होतं. तू वाद घातला नाहीस. वर्गाची चावी माझ्या हातात दिलीस आणि उतारावरून खाली गेलीस, पावसात, डोक्यावर काही नव्हतं. मी दार लावून घेतलं. तेव्हा मला वाटलं, बघा, अपराधी आहे म्हणून गप्प आहे.

"नाताळची तुझी कार्डं येत राहिली. मी ती सगळी ठेवली आणि एकालाही उत्तर दिलं नाही. लोकांना मात्र सांगायचे, की माझी भाची मला विसरत नाही.

"माझा भाऊ मला कधी काही बोलला नाही. बोलला असता तरी मी त्याचीच बाजू घेतली असती, हे तुला सांगून ठेवते, म्हणजे मी उगाच चांगली दिसायला नको. आमच्या घरात मुलगे जपायची पद्धत होती. आम्ही मुली उचलून देऊन टाकायच्या.

"इदवल भेकड निघाला."

इथे मी थांबलो. पेन कागदावर टेकून राहिलं आणि शाईचा ठिपका पडला. तो तुला दिसेल. ती ऐकत होती. पेनचा आवाज थांबल्याचं तिला कळलं.

"लिहिलंस का?"

"लिहितोय."

"मग लिही."

"इदवल भेकड निघाला. पण आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला तसं राहू दिलं, आणि त्याची किंमत तुझ्याकडून घेतली. मी सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही. मी नुसतं कळवते की मुलांच्या वर्गाची चावी अजून माझ्याकडे आहे, आणि वर्ग बारा वर्षांपासून बंद आहे, कारण शिकवायला कोणी नाही. तुझी लेइसा आत्या."

मग तिने टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि हात पुढे केला. मी कागद दिला. तिने तो खिडकीपाशी नेला, नाक टेकेल इतका जवळ धरला, आणि एकेक ओळ भिंगाखालून सरकवत गेली. एकाच शब्दापाशी थांबली. तो शब्द तिने दोनदा पाहिला, मी तो बदललेला नाही ना, याची खात्री करून घेतली.

"बरं," ती म्हणाली. "आता चहा ठेव. मला किटली नीट दिसत नाही."

मी चहा ठेवला. सही तिने स्वतः केली आहे; ओळ सोडून वर गेली आहे, ती तशीच राहू दिली.

इदवल